ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल बदलताय? बोल्टाला पाना लावण्याआधीची तयारी

आधी गिअरबॉक्सचा प्रकार ओळखा. ऑटोमॅटिक फॉर्च्युनरसारख्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑईलमधून पुढे पोचवणारा) गिअरबॉक्स असतो, इतर काही गाड्यांत सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा) किंवा डीसीटी (दोन क्लचचा). तिन्हींची ऑईलं वेगळी आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. इथली तयारी टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठी आहे. डब्याच्या रंगावर किंवा दुकानदाराच्या 'सगळ्याला चालतं' या शब्दावर विसंबू नका. गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तकात, म्हणजे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाव, उदाहरणार्थ टोयोटाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकसाठी 'डब्ल्यूएस', हेच नाव सीलबंद डब्यावर दिसलं पाहिजे.

'हे ऑईल आयुष्यभराचं आहे' असं सांगणारे खूप भेटतील. पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑईल बदलायला सांगते. घाटात भरलेली गाडी चढवणं, ट्रेलर ओढणं, रोजची कोंडी यांत ऑईल जास्त तापतं आणि तापलेलं ऑईल लवकर मरतं. अशा गाडीला ६०,००० किलोमीटरला हात घातलेला बरा. मात्र गिअर आधीच घसरत असतील, म्हणजे इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी पुढे सरकत नाही, तर नवं ऑईल झिजलेल्या क्लच प्लेट परत आणणार नाही. तिथे आधी निदान करून घ्या.

ऑईल किती आणायचं? ड्रेन बोल्ट (ऑईल खाली सोडायचा बोल्ट) काढल्यावर साधारण ३ ते ४ लिटरच बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग) आणि ऑईल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत राहतं. समजा एकूण १० लिटरपैकी ४ निघाले, तर पहिल्या वेळी ४० टक्के ऑईल नवं होतं, दुसऱ्या वेळी ६४ आणि तिसऱ्या वेळी ७८. म्हणून एकदाच मशीन लावून जोराने धुण्यापेक्षा मध्ये काही शे किलोमीटर गाडी चालवून दोन-तीनदा बदलणं आम्हाला जास्त पटतं, विशेषतः बरीच वर्षं दुर्लक्ष झालेल्या गिअरबॉक्सला. प्रत्येक वेळेसाठी ६ लिटर हाताशी ठेवा, कारण लेव्हल पाहताना थोडं सांडतंच. सोबत बोल्टांचे नवे वॉशर, टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराइतकाच आवळता येणारा), हातपंप आणि पारदर्शक नळी, लिटरच्या खुणा असलेलं भांडं, धागे न सुटणारं फडकं आणि ऑईलचं तापमान दाखवणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी सॉकेटला जोडायचं यंत्र).

हा स्कॅनर चैन म्हणून घ्यायचा नाही. अशा बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्सची लेव्हल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिकच नसते. इंजिन चालू ठेवून लेव्हलचा बोल्ट काढायचा आणि ऑईल ठरलेल्या तापमानात असताना ते बारीक धारेतून थेंबांवर आलं की लेव्हल बरोबर. तापमानाचा हा पट्टा मॅन्युअलमध्ये असतो. बहुतेकदा ४० अंशांच्या आसपास आणि अगदी अरुंद. ऑईल तापलं की फुगतं, त्यामुळे ७० अंशांना 'बरोबर' दिसलेली लेव्हल प्रत्यक्षात कमी असते. कमी असली की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतात. जास्त असली की फिरणारे भाग ऑईल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर दुपारी नुसती उभी गाडीच ४२-४३ अंशांवर असते, म्हणून तिथे हे काम भल्या पहाटेच करा.

गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. फक्त पुढची चाकं घोडीवर चढवली तर लेव्हल खोटी येते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: भरायचा बोल्ट आधी सैल करून पाहा. तो गंजून अडकला असेल आणि ड्रेन आधीच उघडलेला असेल, तर ऑईल नसलेली गाडी तिथेच अडकते. निघालेलं ऑईल मोजा आणि तेवढंच परत भरून सुरुवात करा. मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, पी, आर, एन, डी प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबा. नवं ऑईल सगळ्या वाटांत पोचतं. त्यानंतरच लेव्हल पाहा. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या एकदा गेल्या की खर्च मोठा.

निघालेलं ऑईल फेकण्याआधी पाहा. गडद तपकिरी म्हणजे जुनं झालंय. जळका वास असेल तर क्लच तापलेत. गिअरबॉक्सखालचं पॅन (ऑईलचं तबक) उघडलंच, तर चुंबकावरची करडी पेस्ट ही नेहमीची झीज, पण बोटाला टोचणारा कीस दिसला तर काम थांबवा. दुधाळ गुलाबी ऑईल म्हणजे पाणी शिरलंय: रेडिएटरमधला कूलर फुटला असेल, किंवा पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढताना ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) आत गेलं असेल. अशा वेळी नवं ऑईल भरून गाडी चालवू नका, कारण पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं.

जुनं ऑईल गटारात नको. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑईल अधिकृत संकलकाला देणाऱ्या गॅरेजकडे द्या. तारीख, किलोमीटर आणि भरलेले लिटर बॉनेटखाली चिठ्ठीवर लिहून ठेवा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर एकदा खाली वाकून उघडलेले सगळे बोल्ट कोरडे आहेत ना, हे बघा.