हॉब निवडण्याआधी गॅस आणि भांडी तपासा

बडोद्यात अनेक घरांत गॅस नळाने येतो, तर काही ठिकाणी अजून सिलिंडरच आहे. त्यामुळे हॉब म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी निवडताना काचेच्या रंगाआधी तिचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी) आपल्या गॅसला जुळते का, हे विचारावे. नळाच्या गॅसचा दाब कमी असतो आणि तेवढ्याच आकारमानातून उष्णताही कमी मिळते, म्हणून त्याला मोठ्या छिद्राचे जेट लागते. सिलिंडरचे जेट तसेच ठेवले तर ज्योत मिणमिणती राहते, आणि उलट केले तर ती उंच व पिवळी होऊन भांडी काळी करते, शिवाय ते धोक्याचे असते. हा बदल तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा.

विजेवर चालणारा इंडक्शन हॉब हवा असेल तर भांड्यांच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहावा. तो चिकटला नाही, तर ते भांडे त्यावर तापणार नाही. आमच्याकडे ॲल्युमिनियमची कढई आणि तांब्याचे पातेले नापास झाले, बिडाचा तवा मात्र उत्तीर्ण. भाकरी जाळावर फुगवण्याची सवय असलेल्यांनी गॅसचा एक तरी बर्नर राखावा. बिडाचा तवा काचेवरून ओढू नये, उचलून ठेवावा, चरे पडतात.