पेनड्राइव्हमधल्या फोल्डरचे शॉर्टकट झाले? आधी संगणक साफ करा, पेनड्राइव्ह नंतर

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून दोन पानांची प्रिंट काढली, घरी येऊन पाहिलं तर सगळ्या फोल्डरांच्या चिन्हावर छोटा बाण आलेला, आणि प्रत्येकाचा आकार जेमतेम एक-दोन केबी. हे वर्मचं, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामचं काम. घाबरून फॉरमॅट मारू नका. तुमच्या फाइली बहुतेक वेळा जिथल्या तिथेच असतात, फक्त लपवलेल्या असतात. फॉरमॅटने त्या खरोखरच जातील, आणि संगणकातला वर्म मात्र शाबूत राहील.

व्हायरस दुसऱ्या एखाद्या फाइलीला चिकटून राहतो. वर्मला तशी गरज नसते, तो स्वतःच्या प्रती स्वतःच काढत फिरतो. हा शॉर्टकटवाला वर्म तुमच्या फोल्डरला ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन्ही शिक्के मारतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. त्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली ‘टार्गेट’ची ओळ वाचा. तिथे फोल्डरचा साधा पत्ता नसतो, कमांड प्रॉम्प्टला दिलेला हुकूम असतो: आधी अमुक स्क्रिप्ट (म्हणजे हुकुमांची फाइल) चालव, मग खरं फोल्डर उघड. फोल्डर नेहमीसारखं उघडतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. तेवढ्यात स्क्रिप्ट अ‍ॅपडेटा किंवा टेम्प फोल्डरमध्ये जाऊन बसते, संगणक सुरू होताना आपणही सुरू व्हावं अशी नोंद करते आणि नवा पेनड्राइव्ह कधी लागतो याची वाट पाहते.

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कॉन्फिकर या वर्मच्या काळात पेनड्राइव्हवरच्या ऑटोरन फाइलीचा, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या फाइलीचा, फायदा घेतला जाई. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठीही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारा अपडेट सर्वांना पाठवला. तेव्हापासून असल्या वर्मना तुमच्या हातून डबल क्लिक करून घ्यावं लागतं, आणि शॉर्टकटचं सोंग त्याचसाठी आहे.

बहुतेक जण पहिल्यांदा पेनड्राइव्ह साफ करायला घेतात आणि इथेच चुकतं. संगणकातला वर्म जागा असेल, तर तुम्ही पुसलेले शॉर्टकट काही सेकंदांत परत येतात. म्हणून पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, केबलने जोडलेला फोन, सगळं काढा. वाय-फाय बंद करा, लॅनची वायर उपसा.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘डिटेल्स’मध्ये जा. रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना चालू करा. डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचाच प्रोग्राम) चालू दिसला, तर तो कुठली फाइल चालवतोय ते याच रकान्यात कळतं. तो पत्ता कागदावर लिहून घ्या, प्रोसेस बंद करा, मग त्या जागी जाऊन ती फाइल कायमची डिलीट करा. टास्क मॅनेजर उघडतच नसेल, तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने ४ दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज चालू होतं तिथे, जा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.

डिलीट केलेल्या त्या फाइलीच्या नावाची नोंद टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये, स्टार्टअप फोल्डरमध्ये आणि टास्क शेड्युलरमध्ये शोधून काढून टाका. यातली एक जरी राहिली, तरी दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यानंतर नेट थोडा वेळ जोडून अँटिव्हायरस अपडेट करा. इतर साइट उघडतात पण अँटिव्हायरसच्या साइट उघडत नाहीत असं झालं, तर वर्म अजून जिवंत असल्याची दाट शंका घ्या, कॉन्फिकर नेमकं हेच करायचा. मग विंडोज सिक्युरिटीत ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावा. संगणक रीस्टार्ट होतो, विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. पुण्याच्या क्विक हीलचा बूट टाइम स्कॅनही याच कामाचा. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात.

आता पेनड्राइव्ह जोडा, पण आतल्या कशावरही डबल क्लिक नको. ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फाइली उघड्या करायच्या. प्रॉपर्टीजमधली ‘हिडन’ची खूण फिकट दिसते आणि काढता येत नाही, कारण ‘सिस्टिम’चा शिक्का आहे. दोन्ही शिक्के एकदम काढावे लागतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत टाइप करा: ए-टी-टी-आर-आय-बी, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, ई, कोलन, बॅकस्लॅश, स्टार, डॉट, स्टार. ‘ई’च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर घाला. चुकून ‘सी’ घालू नका, विंडोजने मुद्दाम लपवलेल्या फाइलीही उघड्या पडतील.

काही वर्म सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरमध्ये हलवतात. त्याचं नाव म्हणजे नुसती न दिसणारी जागा. तेही आता दिसेल. तुमची कागदपत्रं, फोटो तेवढे संगणकावर घ्या. ‘टाइप’ रकान्यात ‘शॉर्टकट’ लिहिलेलं किंवा फोल्डरचं चित्र असूनही ‘अ‍ॅप्लिकेशन’ लिहिलेलं काहीही उचलू नका. मग मात्र पेनड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा.

खात्री करायची असेल, तर त्यावर एक नवं फोल्डर करून आत साधी टेक्स्ट फाइल ठेवा, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि दोन मिनिटं थांबा. फोल्डरवर बाण उगवला, तर कुठली तरी नोंद राहून गेली आहे. असले काही वर्म पासवर्डही पळवतात, तेव्हा बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला.

ऑफिसात किंवा क्लासमध्ये अनेक संगणक एकाच लॅनवर असतील, तर एकेक साफ करून परत जोडत बसू नका. सगळे सुटे करा, सगळे साफ करा, मगच जोडा. पेनड्राइव्हशिवाय, नुसत्या नेटवर्कमधून पसरणारे वर्मही आहेत. १२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय तसाच होता, आणि त्याला अडवणारा विंडोजचा अपडेट १४ मार्चलाच आलेला होता. विंडोज ७ चे मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, त्यामुळे तसला संगणक लॅनवर ठेवणं धोक्याचंच.

दुकानात प्रिंटसाठी जाताना पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तर पेनड्राइव्ह लावायची वेळच येत नाही. आधारची प्रत असेल, तर प्रिंट झाल्यावर समोरच डिलीट करायला सांगा.