नाटकातला लॅपटॉप पेटवायचा कसा

खराच लॅपटॉप का ठेवू नये, असं प्रत्येक दिग्दर्शक विचारतो. ठेवा की. दुसऱ्या अंकात तो झोपी जाईल, ऐन रडारडीच्या प्रवेशात अपडेट मागेल, आणि आमच्याकडच्या सामाजिक नाटकात धाकटा भाऊ एकदा तरी टेबल उलथवतोच. लॅपटॉपचा मालक तेव्हा विंगेत छातीवर हात ठेवून उभा असतो.

बेळगावजवळच्या खानापुरात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सुगी आटोपून तालुक्यात जत्रा लागल्या, त्यात कुठे लक्ष्मीयात्रा असली, की गाव पाहुण्यांनी भरतं आणि मंडळाचं नाटक हवंच असतं. वायरी कळतात म्हणून लाइट माझ्याकडे, आणि लाइट माझ्याकडे म्हणून लॅपटॉपही माझ्याच गळ्यात. आजवर उजेड पडणारे चार खोटे लॅपटॉप केले. पहिला फसला, ते पुढे सांगतो.

हत्यारं काढण्याआधी टेबल कसं ठेवणार ते दिग्दर्शकाकडून वदवून घ्या. नट प्रेक्षकांकडे तोंड करून बसणार असेल तर लोकांना झाकणाची पाठ दिसते. पडद्यावर काय आहे ते कुणालाच कळत नाही. झाकण उघडलं आणि हनुवटीवर, गालावर निळसर उजेड आला, की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही समजतं की कॉम्प्युटर चालू झाला. म्हणून आधी नटाचा चेहरा उजळायचा बघा.

भंगारवाल्याकडून बंद पडलेला लॅपटॉप आणा. सगळ्यात आधी बॅटरी काढा. फुगलेली असेल तर तिला स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, भोसकली गेली तर पेट घेते. मग बोर्ड, पंखा, हार्ड डिस्क काढून टाका. वजन कमी होतं आणि सेल ठेवायला जागा मिळते. पडदा काळा आणि चकचकीत असतो, त्यात समोरचे दिवे चमकतात आणि उजेड फेकायला तो काही उपयोगाचा नाही. त्यावर पांढरा ड्रॉइंग पेपर चिकटवा.

आता पट्टी. टीव्हीच्या मागे लावतात ती पाच व्होल्टची यूएसबी एलईडी पट्टी घ्या, थंड पांढरी, ६५०० केल्विनची (केल्विनचा आकडा मोठा तितका उजेड निळसर). निळी नको, निळ्या उजेडात नट भुतासारखा दिसतो. स्टेजवरचे हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळट असतात. त्यांच्या शेजारी थंड पांढरा उजेड आपोआप निळसर वाटतो. १५.६ इंची पडदा साधारण साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असतो. पट्टीवरच्या कात्रीच्या खुणेवर तीस सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि पडद्याच्या वरच्या कडेला, नटाकडे तोंड करून चिकटवा. त्यावर बटर पेपरचे दोन थर. हे थर आळसाने टाळू नका. आमच्या एका नाटकात वडिलांचं काम करणाऱ्याला चष्मा होता, आणि मीटरला साठ एलईडीची पट्टी मी तशीच उघडी लावली होती. पहिल्या रांगेतल्या पोरांनी त्याच्या चष्म्यातले ठिपके मोजले. अठरा भरले. हिशेबही बरोबर!

सगळ्यात जास्त घोळ वीज कुठून घ्यायची यात होतो. पहिल्या लॅपटॉपला मी पॉवर बँक लावली. उजेड जरा जास्त वाटला म्हणून वायरीत एक रेझिस्टर घालून कमी केला आणि दोन सेकंद पेटवून बघून खूश झालो. प्रयोगात नायिकेने झाकण उघडलं, चेहरा छान उजळला. तिचं मेल वाचून होतंय न होतंय तोच गालावरचा उजेड गेला. ती बिचारी वाचतच राहिली. मंडपातून आवाज आला, "चार्जिंगला लाव की गं!" पुढचा सगळा प्रवेश लोक हसत होते आणि ती खरोखरची रडत होती.

कारण अगदी साधं होतं. बऱ्याच पॉवर बँका फार कमी करंट ओढला गेला की फोन भरला असं समजून काही सेकंदांत बंद होतात. ही मर्यादा बहुधा ५० ते १०० मिलिअँपिअरच्या आत-बाहेर असते, आणि रेझिस्टर घातल्यावर माझी पट्टी साठच ओढत होती. पॉवर बँकच वापरायची असेल तर पाच व्होल्टवर ४७ ओहमचा एक वेगळा रेझिस्टर प्लस आणि मायनसच्या मध्ये आडवा जोडा. तो एकटाच शंभरावर मिलिअँपिअर ओढतो आणि बँक जागी राहते. अर्धा वॅट उष्णता तो सतत टाकतो, म्हणून दोन वॅटचा घ्या आणि थर्माकोलला टेकवू नका. पण मी आता या भानगडीत पडत नाही. पेन्सिल सेल तीन, होल्डरसकट, सरळ पट्टीला. साडेचार व्होल्ट होतात, उजेड थोडा उतरतो, आणि तेवढाच बरा दिसतो. प्रत्येक प्रयोगाला नवे सेल. जुने सेल तालमीला.

बटण दिसता कामा नये. नट झाकण उघडताना कडेला बोट चाचपडू लागला की सगळं फुकट. यासाठी फ्रिजच्या दाराचं बटण वापरा. दार लागलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो, दार उघडलं की पेटतो. आपल्याला तेच हवंय. बेळगावात फ्रिजचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मागितलं तर त्याने कानडीत विचारलं, "याव फ्रिज री?" कुठल्याच फ्रिजचं नाही, नाटकाचं, म्हटल्यावर त्याने दोन काढून दिली आणि प्रयोग कुठे आहे ते विचारून घेतलं. यातली काही बटणं उलटीही येतात, तेव्हा दुकानातच मल्टिमीटर लावून बघा: दाबल्यावर जोडणी तुटली पाहिजे. कीबोर्डच्या कोपऱ्यात भोक पाडून ते असं बसवा की झाकणाच्या कडेने दाबलं जाईल. लोहचुंबकाचं रीड स्विच काही जण सुचवतात. साधं रीड स्विच चुंबक जवळ आलं की चालू होतं, म्हणजे झाकण बंद असताना आत उजेड आणि उघडलं की अंधार.

पडदाच प्रेक्षकांकडे असेल तर काम वाढतं, पण मला तेच आवडतं. बंद पडलेल्या पडद्याच्या पॅनेलमध्ये आपल्या कामाचं सोन्यासारखं सामान असतं. फ्रेम सोडवून पुढची काच हलक्या हाताने वेगळी करा, हातमोजे घाला. मागे जाड पारदर्शक ताट निघतं, त्याच्या पाठीला पांढरा कागद आणि पुढे प्लास्टिकचे दुधी पातळ पत्रे. खालच्या कडेतून आलेला उजेड ते ताट सगळीकडे सारखा पसरवतं. कडेची मूळ पट्टी काढून आपली पट्टी तिथे उभी चिकटवा, बाहेर सांडणारा उजेड काळ्या टेपने झाका, आणि आठ मिलिमीटरच्या झाकणात एकही ठिपका न दिसता पूर्ण पडदा उजळतो. फक्त २०१० च्या आधीचं पॅनेल असेल तर कडेला एलईडीऐवजी बारीक काचेची ट्यूब असू शकते. तिच्यात पारा असतो आणि ती काही शे व्होल्टवर चालते. ते पॅनेल तसंच ठेवून द्या.

चित्र हवं तर फ्लेक्सवाल्याकडे बॅकलिट फिल्मवर, म्हणजे मागचा उजेड आरपार येऊ देणाऱ्या प्लास्टिकवर, छापून घ्या. दहाव्या रांगेतून वाक्य वाचता येत नाही, मोठे रंगीत चौकोन तेवढे कळतात. अक्षरं तर नकोतच. आमच्या भागात अक्षर दिसलं की नाटक बाजूला राहतं आणि ते मराठीत का कानडीत यावर मंडपात चर्चा सुरू होते.

एवढं करूनही दिवे पूर्ण असतील तर काही दिसणार नाही. हजार वॅटच्या हॅलोजनपुढे तीन सेलचं काय चालणार? टेबल समोरच्या दिव्यांच्या झोतातून मागे, थोडं कडेला घ्या, आणि झाकण उघडण्याच्या जरा आधी डिमर हळूहळू निम्म्यावर आणा. झाकणासोबतच उतरवला तर लोकांचं लक्ष डिमरकडे जातं. रात्रीचा प्रवेश असेल तर दिग्दर्शकाचे पाय धरून तो रात्रीचाच ठेवा.

नटाला एक सांगा: टाइप करताना मान खाली घालू नको. खाली गेली की उजेड कपाळावर पडतो आणि डोळे काळे दिसतात.

प्रयोग संपला की सेल तिथल्या तिथे काढा. मी एकदा विसरलो. सहा महिन्यांनी होल्डरमध्ये हिरवट चिकटा झाला होता आणि फ्रिजचं बटण गंजलं होतं. दुसरं बटण हाताशी होतं म्हणून निभावलं.