वॉर्डात कुत्रा नेण्याआधी

थेरपी डॉग वेगळा आणि अंध माणसाला रस्ता दाखवणारा कुत्रा वेगळा. दुसरा एकाच माणसासाठी काम करतो. थेरपी डॉग अनोळखी रुग्णांजवळ बसतो, त्यांना हात फिरवू देतो आणि मालकासोबत घरी परततो. हॉस्पिटलात शिरायचा त्याला आपसूक हक्क नाही, म्हणून सुरुवात अर्जापासून करायची. अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहा, पण त्याआधी इन्फेक्शन कंट्रोल बघणाऱ्या डॉक्टरांना आणि मेट्रनना, म्हणजे मुख्य परिचारिकेला, भेटा. मेट्रनचा होकार नसेल तर वरून आलेली परवानगी वॉर्डाच्या दारात अडते. सोबत रेबीज आणि नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्रित लस) लसींच्या नोंदी, महापालिकेचा परवाना, जंताचं औषध दिल्याची तारीख आणि व्हेटचं (जनावरांच्या डॉक्टरांचं) ताजं तपासणीपत्र जोडा.

कुत्रा कसा हवा

वय किमान एक वर्ष, शक्यतो दोन. दत्तक घेतलेला असेल तर तुमच्या घरी सहा महिने तरी राहिलेला हवा. लोकांना लॅब्रडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर आवडतात हे खरं, पण शांत स्वभावाचा देशी कुत्रा या कामात तसूभरही कमी नाही. केस आखूड असल्यामुळे आंघोळ सोपी, आणि मे महिन्यात त्याला धापही कमी लागते.

गेल्या तीन महिन्यांत कच्चं चिकन किंवा खिमा खाल्लेला कुत्रा न्यायचा नाही. कच्च्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू त्याच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतात आणि तो स्वतः मात्र ठणठणीत दिसतो.

स्वभावाची चाचणी घरीच घेता येते. कुत्र्याच्या पाठीमागे स्टीलचं ताट फरशीवर पाडा. दचकला तर हरकत नाही, पण काही सेकंदांत सावरून तुमच्याकडे बघायला हवा. मग कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची. अनोळखी माणसाला थरथरत्या हाताने त्याचा कान धरायला सांगा, अंगावर थोडं वाकायला सांगा. गणपतीत नाशिक ढोलाच्या आवाजाने जो पलंगाखाली जाऊन बसतो, तो वॉर्डातल्या ट्रॉलीच्या खडखडाटालाही बहुधा तसाच वागेल. गर्दीची सवय पायरीपायरीने लावा: नाशिकमध्ये आधी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर, मग कॉलेज रोडला, आणि शेवटी संध्याकाळी मेन रोडला. लिफ्टचा सराव वेगळा करावा लागतो. हलणारी जमीन पुष्कळ कुत्र्यांना आवडत नाही.

'सोड' हा शब्द

'बस', 'झोप', 'थांब' हे सगळेच शिकवतात. वॉर्डात खरा उपयोग 'सोड'चा. पलंगाखाली घरंगळलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्यासाठी विष आहे. नाशिकला तर जानेवारी ते मार्च रुग्णाच्या उशाशी द्राक्षांची पिशवी नसेल तर नवल. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नाही.

शिकवायचं असं. जमिनीवर चपातीचा तुकडा ठेवून त्यावर तळहात ठेवा. कुत्रा हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. तुम्ही गप्प राहा. त्याने तोंड मागे घेतलं की लगेच 'सोड' म्हणा आणि दुसऱ्या हातातून वेगळा खाऊ द्या. जमिनीवरचा तुकडा त्याला कधीच द्यायचा नाही. इथेच बहुतेक जण चुकतात. शेवटी 'घे' म्हणून तोच तुकडा देतात, आणि कुत्रा शिकतो की थोडं थांबलं की खालचं मिळतं. चार-पाच दिवसांनी हात काढा, मग तुकडा वरून टाका, मग चालता चालता टाका. चपातीनंतर शिजवलेलं चिकन. दहापैकी दहा वेळा सोडेपर्यंत वॉर्डाचा विषय काढू नका.

भेटीचा दिवस

आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी आंघोळ, केस पूर्ण कोरडे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचीड बघा. गोल टक्कल पडल्यासारखा डाग दिसला तर भेट रद्द, कारण गजकर्ण माणसाला लागतं. नखं कापून कानशीने गुळगुळीत करा. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी असते, नुसत्या पंज्याने सोलली जाते. म्हणूनच 'शेकहँड'ची करामत घरी ठेवून या. जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर बरं झाल्यावरही पूर्ण आठवडा सुट्टी.

वेळ डॉक्टरांच्या राउंडनंतरची आणि जेवण येण्याआधीची घ्या. नातेवाइकांचे डबे उघडले की शहाण्या कुत्र्याचंही नाक ऐकत नाही. पट्टा साधा, सहा फुटांपेक्षा लांब नको. लांबत जाणारा गुंडाळीचा पट्टा सलाईनच्या स्टँडला हमखास अडकतो. एका माणसाकडे एकच कुत्रा, आणि सोबत वॉर्डातली एक सिस्टर.

आत शिरण्यापूर्वी मावशींनी फरशी कधी पुसली ते विचारा. ओल्या फिनाईलवर कुत्रा घसरतो, आणि नंतर पंजे चाटल्याने ते पोटात जातं. फरशी वाळेपर्यंत बाहेर थांबा.

प्रत्येक रुग्णाला आधी विचारायचं, त्याच्या नातेवाइकाला विचारायचं आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही. कुणाला भीती असते, कुणाला दमा असतो, कुणाच्या घरी कुत्रं चालत नाही. 'नको' म्हणाले की समजूत घालत बसू नका. आयसोलेशनमधले (संसर्गामुळे वेगळे ठेवलेले) रुग्ण, भाजलेले रुग्ण, उघड्या जखमा, केमोमुळे पांढऱ्या पेशी घसरलेले रुग्ण यांच्याकडे जायचंच नाही. प्लीहा काढलेल्या रुग्णाकडेही नाही, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतो. ही यादी सिस्टरकडून त्या दिवशी सकाळी ताजी घ्या.

रुग्णाने आधी हाताला सॅनिटायझर चोळायचं आणि हात पूर्ण वाळू द्यायचे. ओल्या स्पिरिटच्या वासाने कुत्रा तोंड फिरवतो आणि रुग्णाला वाटतं, आपण त्याला आवडलो नाही. कुत्रा ज्या हाताला सुई नाही त्या बाजूला आणा. सलाईनची नळी आणि कुत्रा यांच्यामध्ये तुम्ही उभे राहा. पलंगावर घ्यायचा असेल तर खाली धुतलेली चादर अंथरा आणि ती पुढच्या रुग्णाकडे वापरू नका. तोंड चाटू देऊ नका. भेट संपल्यावर रुग्णाचे आणि तुमचे हात पुन्हा स्वच्छ.

एका रुग्णाजवळ दहा-पंधरा मिनिटं, सगळं मिळून एक तास, त्याहून जास्त नाही. झोप आलेली नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्यांचं पांढरं दाखवणं, अंग कोरडं असताना झटकणं ही थकल्याची लक्षणं. दोन दिसली की बाहेर पडा, रांगेत कितीही रुग्ण असोत.

ओरखडा उठला किंवा दात लागला तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून गोष्ट दाबू नका. रेबीजच्या इंजेक्शनांचा निर्णय डॉक्टरांचा, आणि कुत्रा दहा दिवस देखरेखीखाली. यासाठीच वहीत तारीख, खाट क्रमांक आणि वेळ प्रत्येक वेळी लिहायची.

घरी आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुवा, पाणी द्या, झोपू द्या. आठवड्यातून एक भेट बास. पुढच्या वेळी गाडीतून उतरल्यावर तो हॉस्पिटलच्या गेटपाशी बसकण मारून हलेना, तर ओढू नका. तशीच गाडी फिरवा आणि दोन आठवडे त्याला फक्त गंगापूर रोडला फिरायला न्या.