‘एपिस्टेमॉलॉजी’सारखी लांबलचक इंग्रजी संज्ञा कशी उच्चारावी

विदर्भातल्या एखाद्या गावच्या अभ्यासिकेत बसून तत्त्वज्ञान वाचणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ‘ज्ञानमीमांसा’ (ज्ञान म्हणजे काय याचा विचार करणारी तत्त्वज्ञानाची शाखा) अडत नाही. इंग्रजी पुस्तकात तीच ‘एपिस्टेमॉलॉजी’ होऊन आली की जीभ अडखळते. असा शब्द सुरुवातीपासून रेटत न नेता शेवटाकडून उलगडावा, कारण आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कुठे पडणार हे बहुधा शेवटचा प्रत्ययच ठरवतो.

आधी अर्थाचे भाग पाडावेत. ज्ञान या अर्थाचा ग्रीक शब्द ‘एपिस्टीमी’, ‘लोगॉस’पासून आलेला, विवेचन किंवा शास्त्र सांगणारा ‘लॉजी’ आणि त्यांना जोडणारा मधला ‘ओ’, एवढीच ही घडण आहे. (ही संज्ञा इंग्रजी तत्त्वज्ञानात रुजवण्याचे श्रेय स्कॉटिश तत्त्वज्ञ जेम्स फ्रेडरिक फेरियर यांच्या १८५४ मधील ग्रंथाला दिले जाते.)

मग उच्चाराचे खंड, म्हणजे सिलॅबल, मोजावेत. लिहिलेली अक्षरे न मोजता कानाला ऐकू येणारे स्वर मोजावेत: इ-पिस्-ट-मॉ-ल-जी, एकूण ६. हे खंड अर्थाच्या भागांवर चपखल बसत नाहीत. चौथ्या खंडातला ‘म’ एपिस्टीमीचा, तर ‘ऑ’ सांध्याचा आहे.

खरी अडचण आघाताची आहे. मराठीत आपण सगळ्या खंडांना जवळपास सारखेच वजन देतो, म्हणून दोन्ही ‘ऑ’ सारखेच ठासून म्हटले जातात. इंग्रजीत ‘लॉजी’ने संपणाऱ्या शब्दांत मुख्य आघात शेवटून तिसऱ्या खंडावर येतो आणि पुढचा ‘लॉ’ ढिला पडून ‘ल’ होतो. शाळेतल्या ‘बायॉलॉजी’लाही हेच लागू आहे. येथे ‘मॉ’ जोरात म्हणावा, ‘पिस्’वर दुय्यम जोर द्यावा आणि बाकीचे खंड हलके सोडावेत. भजनी मंडळात खंजिरी वाजवणाऱ्याने ‘मॉ’वर थाप आणि इतरत्र नुसती बोटे ठेवून पाहावे, म्हणजे हा फरक लवकर हाती येतो.

विशेषण करताना आघात सरकतो. ‘एपिस्टेमॉलॉजिकल’मध्ये इ-पिस्-ट-म-लॉ-जि-कल् असे ७ खंड होतात, जोर ‘लॉ’वर जातो आणि मघाचा ठसठशीत ‘मॉ’ विरून ‘म’ उरतो. नियम मात्र तोच, शेवटून तिसरा. ‘इक’ किंवा ‘इक्स’ने संपणाऱ्या शब्दांत बहुधा त्याच्या लगेच आधीच्या खंडावर जोर असतो, जसे ‘मेटाफिजिक्स’मध्ये ‘फि’वर.

सरावासाठी ‘फिनॉमिनॉलॉजी’ घ्यावा आणि उत्तर शब्दकोशात ताडून पाहावे: तेथे मुख्य आघाताची छोटी उभी रेघ जोरदार खंडाच्या आधी, वरच्या बाजूला असते आणि दुय्यम आघाताची खालच्या बाजूला.