टेबल सॉची जिग बनवताना या चुका टाळा

वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच त्याला टेबल सॉसाठी (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीसाठी) क्रॉसकट स्लेड, म्हणजे फळी काटकोनात कापायला टेबलावर सरकणारा पाट, बनवायची असते. हौस चांगलीच आहे. पण चुका दर वेळी त्याच होतात, कारण जिग (काप दर वेळी अचूक यावा म्हणून बनवलेलं असं साधन) म्हणजे उरलेल्या प्लायचं तासाभराचं काम असं प्रत्येकाला वाटतं. टेबलाचा एक पाय वाकडा कापला तर एक पाय वाया जातो. स्लेड वाकडी असेल तर तिच्यावर कापलेला प्रत्येक तुकडा वाकडा निघतो, आणि ती स्लेड आपण एकटे वापरत नसतो.

गुण्या लावून फेन्स कायमची चिकटवणे

फेन्स म्हणजे स्लेडवरचा आडवा कठडा, त्याला फळी टेकवून कापतात. ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. हातातल्या गुण्याचं (काटकोन तपासायच्या साधनाचं) पातं साधारण 150 मिमीचं असतं. तेवढ्या लांबीत 0.1 मिमीची फट डोळ्याला दिसत नाही, पण 600 मिमी रुंद फळीवर तीच 0.4 मिमी होते. कपाटाचं खोकं जुळवताना मग शेवटचा कोपरा बसतच नाही आणि माणूस क्लॅम्प आवळत राहतो.

मी फेन्सच्या एका टोकाला एकच स्क्रू मारतो, तो बिजागरीसारखा काम करतो. दुसरं टोक क्लॅम्पने धरायचं. मग साधारण 400 मिमीचा चौकोनी प्लाय घेऊन पाच काप घ्यायचे. नुकतीच कापलेली बाजू दर वेळी फेन्सला लावायची आणि पुढची कापायची. चार बाजू झाल्या की पाचव्या कापाला पहिल्याच बाजूची इंचभर पट्टी काढायची आणि तिची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजायची. एक टोक 25.3 आणि दुसरं 24.5 आलं तर फरक 0.8. चूक चौपट होऊन पट्टीत उतरलेली असते, म्हणून चाराने भागायचं. 400 मिमीला 0.2 मिमी चूक. स्क्रूपासून फेन्सचं दुसरं टोक 500 मिमीवर असेल तर ते 0.25 मिमी सरकवायचं. फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पत्र्या) लावून सरकवलं की अंदाजावर काही राहत नाही. दिशा चुकली तर फरक दुप्पट होतो, तेव्हा उलट सरकवा. मन भरलं की बाकीचे स्क्रू. फेन्सला ग्लू मी कधीच लावत नाही.

याला अर्धा तास लागतो. ‘चालतंय की’ म्हणणारे तो वाचवतात आणि पुढचे कित्येक दिवस पॉलिश पेपर घासत बसतात.

रनरला भोक न पाडता स्क्रू मारणे

लाकडी रनर (स्लेडखालची सरकपट्टी) टेबलाच्या खाचेत छान सरकत होता, स्लेडला बसवल्यावर अडकायला लागला, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. स्क्रूने लाकूड दोन्ही बाजूंना फुगतं. आधी स्क्रूपेक्षा बारीक पायलट भोक पाडा. तरी अडकलाच तर रनरच्या बाजूला पेन्सिल घासा आणि स्लेड चार-सहा वेळा सरकवा. जिथे शिसं चकाकतं तिथेच खरवडायचं. अख्खा रनर रंधून सैल केलेले मी पाहिले आहेत. तो डुलायला लागला की फेन्स कितीही काटकोनात असली तरी उपयोग नाही.

फेन्सच्या खालच्या कडेला 3 मिमीची तिरपी धार काढा, नाहीतर कोपऱ्यात भुसा साठतो आणि फळी टेकत नाही. स्टॉप ब्लॉकलाही (फळी ठरलेल्या मापावर अडवणाऱ्या तुकड्यालाही) तेच. तळाला 6 मिमीचा प्लाय नको, तो वाकतो. 12 मिमी घ्या. सरकायला मेण लावा, सिलिकॉनचा स्प्रे नको, त्यावर टेकलेल्या लाकडाला पुढे पॉलिश नीट धरत नाही. पातं मागच्या फेन्समधून जिथे बाहेर येतं तिथे जाड ठोकळा लावून लाल रंग द्या. अंगठा नेमका तिथेच जातो, म्हणून ठोकळा नसलेली स्लेड मी कुणालाही चालवू देत नाही.

दुसऱ्याच्या जिगमध्ये न विचारता बदल करणे

आमच्या सगळ्यांच्या स्लेडवर एकाने घाईत पातं 45 अंशांत तिरपं करून एक काप मारला. एकच. पात्याने स्लेडच्या तळात पाडलेली अरुंद चीर वर पसरट झाली. त्याने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वेळी मी त्यावर बारीक तुकडे कापत होतो. एक बोटभर तुकडा त्या फटीत घसरला, पात्याच्या मागच्या दातांनी उचलला आणि माझ्या खांद्याजवळून जाऊन मागच्या फळ्यांवर आदळला. फळीत खळगा पडला होता. यंत्र बंद करून मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

तिरप्या कापाला वेगळी स्लेड करा. पात्याच्या जाडीलाही हेच लागू आहे: नेहमीचं पातं 3.2 मिमीच्या आसपास कापतं, पातळ 2.4. पातळ पात्याच्या स्लेडवर जाड पातं एकदा चाललं की चीर कायमची मोठी होते आणि पातळ पात्याने कापताना लाकडाच्या खालच्या बाजूचे तंतू फाटायला लागतात. रनरची खाचही दर सॉवर पात्यापासून थोडी वेगळ्या अंतरावर असते.

त्या स्लेडचा तळ आम्ही बदलला. आता प्रत्येक जिगवर मार्करने लिहिलेलं असतं: कुठला सॉ, कुठलं पातं, शेवटची तपासणी कधी. पाचव्या कापाची पट्टी दोन्ही टोकांची मापं लिहून फेन्सच्या मागे चिकटवलेली असते. जिग हातात घेण्याआधी मी ती पट्टी वाचतो.