आवाज काढायला शिकायचंय? मग पीटर सेलर्स असा ऐका

माझ्याकडे नगरला शनिवार-रविवारी मिमिक्री शिकायला मुलं येतात. आली की आधी निळूभाऊ, मग नाना, मग अमिताभ. हे तिन्ही आवाज त्यांनी मूळ माणसाकडून घेतलेले नसतात, दुसऱ्या नकलाकाराचे रील बघून उचललेले असतात. म्हणून मी सुरुवातीला ते सगळे बंद करायला लावतो आणि पीटर सेलर्स हा ब्रिटिश विनोदी नट ऐकायला देतो. इंग्रजी जेमतेम येत असलं तरी हरकत नाही. शब्द कळले नाहीत की कान आपोआप आवाजाकडे वळतो.

सेलर्सचा जन्म १९२५ सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथसीचा. आईवडील व्हरायटी थिएटरचे कलाकार. दुसऱ्या महायुद्धात तो रॉयल एअर फोर्समध्ये होता, तिथल्या करमणूक पथकाबरोबर हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश फिरला. अधिकाऱ्यांचे आवाज त्याने तिथेच गोळा केले. युद्धानंतर १९४८ मध्ये लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये सहा आठवडे उभा राहिला. प्रेक्षक यायचे ते तिथल्या निर्वस्त्र बायकांची दृश्यं बघायला, विनोदवीराकडे कुणाचं लक्ष नसायचं. अशा ठिकाणी ज्याचा आवाज टिकला, त्याचा कुठेही टिकतो.

त्याच वर्षीचा फोनचा किस्सा मी प्रत्येक तुकडीला सांगतो. बीबीसीचे निर्माते रॉय स्पीअर काही केल्या भेट देत नव्हते. सेलर्सने त्यांना फोन लावला तो केनेथ हॉर्न या रेडिओवरच्या बड्या कलाकाराच्या आवाजात, आणि ‘पीटर सेलर्स म्हणून एक पोरगा आहे, त्याला घ्या’ अशी शिफारस केली. मग त्याच फोनवर खरं काय ते सांगून टाकलं. स्पीअर चिडले, पण काम दिलं. तुम्ही हा उद्योग करू नका, आज त्याला फसवणूक म्हणतील. घ्यायचं ते एवढंच : हॉर्नचा आवाज ज्याच्या कानात पक्का बसलेला होता, अशा माणसासमोर ती नक्कल उतरली. म्हणून तुमची नक्कल त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्याला आधी ऐकवा. मामाची असेल तर मामीला. टाळ्या वाजवणारे मित्र नंतर.

ऐकायला सुरुवात करायची ती ‘द गून शो’पासून. बीबीसी रेडिओवर हा विनोदी कार्यक्रम १९५१ ते १९६० चालला. लिहिणारा मुख्यतः स्पाइक मिलिगन, आणि तो १९१८ साली आमच्या नगरला जन्मलेला, लहानपणी पुण्याच्या शाळेत शिकलेला. हे सांगताना माझी छाती फुगते. त्यात सेलर्स म्हातारा हेन्री क्रन होतो, फौजी मेजर ब्लडनॉक होतो आणि चिरक्या आवाजाचा पोरगा ब्लूबॉटलही होतो. रेडिओवर चेहरा नाही, मिशी नाही, टोपी नाही. पात्र बदललं हे श्रोत्याला पहिल्याच शब्दात कळायला हवं. एक भाग घ्या, डोळे मिटा, आणि सेलर्सचं पात्र बदललं की बोट वर करा. मग तेवढाच तुकडा परत लावून बघा की नेमकं काय बदललं. नुसती पट्टी? नाही. क्रन बोलतो तेव्हा श्वास अपुरा पडतो, शब्द थरथरत, रेंगाळत येतात. ब्लडनॉक छातीतून बोलतो. ब्लूबॉटल सगळं नाकातून आणि टाळूच्या वरून काढतो.

हा ब्लूबॉटल आला कुठून? एक दाढीवाला, आडमाप स्काउटमास्तर सेलर्सला भेटायला आला होता आणि त्याचा आवाज मात्र बारीक, चिरका. म्हणजे पोराच्या आवाजामागे एक खरा, दाढी असलेला माणूस आहे. इथून पुढे सेलर्सचं जे जे उत्तम आहे, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा असाच एखादा ठरावीक माणूस सापडतो. ‘लोलिता’ (१९६२) या चित्रपटातल्या क्विल्टी या त्याच्या पात्राच्या आवाजामागे जॅझचे आयोजक नॉर्मन ग्रांझ होते. दिग्दर्शक कुब्रिकने त्यांच्याकडून संहितेचा भाग वाचून घेऊन, ध्वनिमुद्रित करून सेलर्सला दिला होता. ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) मधल्या वेड्या शास्त्रज्ञाचा हेल ऐकून सगळे त्याला जर्मन म्हणतात, पण तो आवाज सेलर्सने उचलला वीजी या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराकडून. वीजी त्या सेटवर फोटो काढायला होता.

म्हणून माझा नियम पक्का आहे : प्रांताची नक्कल करायची नाही, जातीची करायची नाही, माणसाची करायची. गेल्या तुकडीतली एक मुलगी ‘कोल्हापुरी माणूस’ करून दाखवत होती. मी विचारलं, कोणता? नाव सांग. तिला सांगता येईना. मग म्हणाली, आमच्या गल्लीत कोल्हापूरचे दूधवाले काका येतात. म्हटलं, त्यांना आठवडाभर ऐक. पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा ‘रांगडा’ आवाज पार गेला होता. काका हळू बोलतात. पैशाचा आकडा सांगायच्या आधी दातांतून ‘स्स्’ करून श्वास आत ओढतात, वाक्याचा शेवटचा शब्द निम्मा गिळतात, आणि उधारीचा विषय निघाला की आवाज वाढायच्या ऐवजी आणखी खाली जातो. वर्ग हसलाही आणि गप्पही झाला.

तुम्हीही तेच करा. परवानगी घेऊन त्या माणसाचं दोन-तीन मिनिटांचं साधं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. वहीत लिहून काढा, पण शब्द नव्हे : श्वास कुठे घेतला, कुठे थांबला, कोणता शब्द ओढला, कोणता खाल्ला, वाक्य संपताना आवाज वर गेला की खाली. हे झाल्याशिवाय तोंड उघडू नका. मग त्याचं एक वाक्य निवडा, जे म्हटलं की तुम्ही लगेच त्या आवाजात शिराल. आम्ही त्याला ‘चावी’ म्हणतो. रंगमंचावर आवाज सुटला तर त्याच वाक्यावर परत यायचं. नंतर हात आणि मान. सेलर्सही आवाजापासूनच सुरू करायचा, चाल आणि उभं राहणं मागून यायचं.

आता जिथे तो चुकला तेही बघा. ‘द मिलियनेअरेस’ (१९६०) आणि ‘द पार्टी’ (१९६८) मध्ये तो चेहरा रंगवून भारतीय झाला. ‘द पार्टी’त शरीराचा विनोद बघण्यासारखा आहे, बूट पाण्यात वाहून जातो तो सुरुवातीचा प्रसंग तर मी मुलांना मुद्दाम दाखवतो. पण तो हेल कुणाचा आहे? मराठी? बंगाली? पंजाबी? कुणाचाच नाही. इंग्लंडच्या शाळांमध्ये आपल्याकडच्या मुलांना त्याच हेलात चिडवलं गेलं. ‘द मिलियनेअरेस’च्या निमित्ताने सेलर्स आणि सोफिया लॉरेनने गायलेल्या ‘गुडनेस ग्रेशस मी’चं नाव पुढे मीरा स्याल, संजीव भास्कर या ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या कलाकारांनी आणि मंडळींनी १९९० च्या दशकात आपल्या विनोदी कार्यक्रमाला दिलं आणि त्या हेलाची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. सेलर्स माझा फार आवडता, तरी हे मला खुपतं, आणि शिकणाऱ्याला ते सांगितलंच पाहिजे.

‘स्ट्रेंजलव्ह’मध्ये आणखी एक धडा आहे. त्यातच सेलर्सने अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मफ्लीही केला, तो आधी सर्दीने बेजार, शिंकणारा असा रंगवला. सेटवरच्या लोकांना हसू आवरेना. कुब्रिकने ते सगळं काढायला लावलं. पडद्यावर दिसतो तो सभ्य, सपाट आवाजाचा माणूस, रशियन नेत्याला फोनवर समजावणारा. तो फोनचा प्रसंग रोज एकदा ऐका. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, तरी पलीकडे कोण आहे, किती प्यायलाय, कधी रुसला हे सगळं सेलर्सच्या थांबण्यातून कळतं. घरी सराव करायला यापेक्षा चांगला पाठ नाही : रिकामा फोन कानाला लावून तुमच्या माणसाच्या आवाजात दोन मिनिटं बोला, आणि समोर बसलेल्याला पलीकडे कोण होतं ते ओळखायला सांगा.

सगळ्यात शेवटी ‘बीइंग देअर’ (१९७९) बघा. त्यानंतर वर्षभरात, जुलै १९८० मध्ये, सेलर्स हृदयविकाराने गेला. त्यातल्या माळ्याच्या आवाजात ना हेल आहे ना चढउतार, आणि तरी तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. तो बघून झाला की आपली बसलेली नक्कल घ्या आणि दर तालमीला तिच्यातली एक लकब कमी करा. आधी हातवारे, मग चेहरा, मग खास शब्द. ओळखणारा माणूस ज्या तालमीला ‘आता नाही ओळखू येत’ म्हणेल, तिथे थांबा, आणि शेवटची काढलेली लकब परत घाला.